भारतीय पासपोर्ट, जर्मन घोषणापत्र आणि एकच व्यक्ती : लिंगनोंदीतील बदल सीमेपलीकडे कितपत चालतो?

दादरचा मामा | ५ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. हा धागा मी माझ्या भाचीच्या संमतीने काढत आहे. मजकूर तिने वाचला असून दोन वाक्ये तिच्या सांगण्यावरून गाळली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी माहिती तुटक वाटली तर ती मुद्दाम तशी ठेवली आहे असे समजावे.

भाचीचा जन्म पार्ल्याचा. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' अशी नोंद आहे. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन आणि पासपोर्ट यांवरही तेच. २०२१ मध्ये शिक्षणासाठी जर्मनीला जाण्यापूर्वी तिने केंद्र सरकारच्या पोर्टलवर अर्ज करून मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडून तृतीयपंथीय व्यक्ती म्हणून ओळख प्रमाणपत्र घेतले होते. मात्र व्हिसाची फाईल तेव्हा आत गेलेली असल्याने पासपोर्टला हात लावायचा नाही, असे घरात सगळ्यांनी मिळून ठरवले. (त्या निर्णयात माझा आवाज सर्वांत मोठा होता, हेही लिहून ठेवतो.) आता ती म्युनिकमध्ये नोकरी करते आणि ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर) आहे. गेल्या वर्षी रजा काढून ती आली आणि मुंबईतल्याच एका रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या हिवाळ्यात तिचे लग्न करायचे आहे. मुलगा पुण्याचा आहे, दोन्ही घरांना मान्य आहे.

प्रश्न असा की जर्मनीत गेल्या वर्षीपासून साध्या घोषणेने लिंगनोंद बदलता येते, असे तिला तेथील सहकाऱ्यांनी सांगितले आहे. तिथे ती घोषणा करून 'स्त्री' अशी नोंद मिळवली, तर तो कागद दाखवून भारतीय पासपोर्ट आणि जन्मदाखला बदलून मिळेल काय? की आधी इकडचे उरकून मग तिकडे जावे? घरात यावर दोन तट पडले आहेत आणि मला दोन्हींकडचे निम्मेच कळते.

माइनतीर | ५ डिसेंबर २०२५, रात्री ११.१५

मामा, मी फ्रँकफर्टला नऊ वर्षे आहे. माझे स्पष्ट मत आहे की आधी जर्मनीचे करावे.

येथील स्वयंनिर्णय कायदा १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. त्याआधी १९८० चा जुना कायदा होता, ज्यात दोन तज्ज्ञांचे अहवाल आणि न्यायालयाचा आदेश लागत असे. आता नागरी नोंदणी कार्यालयात आधी पूर्वसूचना द्यायची, तीन महिने थांबायचे आणि मग स्वतः हजर राहून घोषणा करायची. पूर्वसूचनेपासून सहा महिन्यांत घोषणा केली नाही तर ती सूचना बाद होते. डॉक्टरांचा कागद लागत नाही, कोणी प्रश्न विचारत नाही. परदेशी नागरिकांनाही हा मार्ग खुला आहे. कायमचा निवास परवाना, नूतनीकरण होऊ शकणारा निवास परवाना किंवा ब्लू कार्ड यांपैकी काहीतरी हातात असावे लागते. भाचीकडे ब्लू कार्ड आहेच. जिथे माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो तिथे आधी जावे, आणि जिथे रुग्णालयाचा कागद मागतात तिथे नंतर. यात व्यवहारापेक्षा सन्मानाचा भाग मोठा आहे, असे मला वाटते.

वकीलताई | ६ डिसेंबर २०२५, सकाळी ८.०५

माइनतीर यांनी जर्मन कायद्याची माहिती नीट दिली आहे. निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. मी फोर्टमध्ये वकिली करते आणि अशा स्वरूपाची काही कामे पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

जर्मनीत तिची जन्मनोंद नाही. म्हणजे घोषणा केल्यावर तिथल्या नोंदवहीत बदलायला मुळात नोंदच नाही; घोषणा केल्याचा दाखला तेवढा हातात येईल. तो दाखला जर्मनीत चालेल. परंतु तिचा पासपोर्ट भारताचा आहे आणि त्यावरील एक अक्षरही बदलण्याचा अधिकार जर्मन कार्यालयाला नाही. मग तिच्याकडे एका नावाचा आणि एका लिंगनोंदीचा जर्मन कागद, तर दुसऱ्या नावाचा आणि दुसऱ्या नोंदीचा पासपोर्ट अशी जोडी तयार होईल. बँक, विमा, घराचा करार आणि विमानतळ या चारही ठिकाणी प्रत्येक वेळी ही जोडी जुळवून दाखवत बसावे लागेल. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आता तो जर्मन दाखला भारतात आणला तर काय होईल, ते पाहू. परकीय न्यायालयाच्या निकालाला आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ नुसार मान्यता मिळते, त्याला सहा अपवाद आहेत. परदेशी घटस्फोटांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव प्रकरणात हे अपवाद किती काटेकोरपणे वापरायचे ते दाखवून दिले आहे. पण इथे अडचण त्याच्याही अलीकडची आहे. नोंदणी कार्यालयात केलेली घोषणा हा न्यायालयाचा निकालच नव्हे, तेव्हा कलम १३ च्या दारातसुद्धा ती उभी राहत नाही. व्यक्तीचा कायदेशीर दर्जा सर्वांवर बंधनकारक ठरवणारे निकाल कोणते, हे पुरावा कायद्याच्या जुन्या कलम ४१ मध्ये सांगितलेले आहे. ते आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ३५ म्हणून आले आहे. त्यात मृत्युपत्र, विवाह, सागरी व्यवहार आणि दिवाळखोरी एवढीच चार क्षेत्रे आहेत. लिंगनोंद त्यात बसत नाही.

उलट दिशेने पाहिले तर चित्र बरेच वेगळे आहे. जर्मनीच्या आंतरराष्ट्रीय खासगी कायद्यात आता असा नियम आहे की व्यक्तीचे लिंग कोणत्या कायद्याने ठरते, तर ती ज्या देशाची नागरिक आहे त्या देशाच्या कायद्याने. जर्मनीत वास्तव्य असणाऱ्याला जर्मन कायदा निवडण्याची मुभा आहे, पण ती मुभा आहे; मूळ नियम नागरिकत्वाचाच. म्हणजे भारतात कायद्याने झालेला बदल जर्मनी आपल्या नियमाच्या सरळ वाटेने पाहते. जर्मनीतला बदल पाहण्यासाठी भारताकडे तशी वाट नाही. म्हणून आधी जर्मनी म्हणजे आधी कळस, मग पाया.

गणकयंत्र | ६ डिसेंबर २०२५, सकाळी ९.३०

कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, पण एक मूलभूत शंका आहे. एका देशाने दिलेली नोंद दुसऱ्या देशाने का मानावी? आपल्या देशात काय मानायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला असायला नको काय? उद्या कोणीही सोयीचा देश गाठून तिथून कागद आणेल.

वकीलताई | ६ डिसेंबर २०२५, सकाळी १०.५०

शंका रास्त आहे आणि युरोपात यावर प्रत्यक्ष खटला झाला आहे. रोमानियात जन्मलेली, जन्मनोंदीत 'स्त्री' असलेली एक व्यक्ती २००८ मध्ये आईवडिलांसह ब्रिटनला गेली, २०१६ मध्ये ब्रिटिश नागरिक झाली आणि रोमानियन नागरिकत्वही तिने राखले. २०१७ मध्ये त्या व्यक्तीने ब्रिटिश पद्धतीने नाव बदलले व २०२० च्या जूनमध्ये पुरुष म्हणून लिंगमान्यतेचे प्रमाणपत्र मिळवले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला होता, पण संक्रमणकाळ त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालू होता, हा तपशील खटल्यात महत्त्वाचा ठरला. रोमानियाने जन्मनोंद बदलण्यास नकार दिला आणि आमच्या न्यायालयात पहिल्यापासून नवा दावा लावा, असे सांगितले. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवले की एका सदस्य राष्ट्रात कायदेशीररीत्या झालेला नावाचा व लिंगनोंदीचा बदल दुसऱ्या सदस्य राष्ट्राने नाकारणे हे मुक्त संचाराच्या हक्काला बाधा आणते. नोंद करण्यासाठी नवा दावा लावायला भाग पाडता येणार नाही.

त्यामागची भूमिका अशी की माणसाला दोन देशांत दोन वेगळ्या ओळखी घेऊन फिरावे लागू नये. सार्वभौमत्वाचा मुद्दा न्यायालयाने उडवून लावलेला नाही. व्यक्तीचा दर्जा ठरवणे हे सदस्य राष्ट्राचेच काम आहे, मात्र ते करताना संघाचा कायदा मोडता येणार नाही, असे म्हटले आहे. आणि ही सगळी इमारत उभी आहे ती संघाच्या नागरिकत्वावर. आपल्या भाचीला या निकालाचा थेट उपयोग शून्य आहे, कारण ती युरोपीय संघाची नागरिक नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात असा कोणताही करार नाही. जगभरासाठी तर सोडाच, युरोपातल्या काही देशांनी नागरी नोंदींच्या संस्थेमार्फत सप्टेंबर २००० मध्ये व्हिएन्नात लिंगबदलाचे निर्णय एकमेकांनी मानण्याचा करार केला होता. तो अमलात यायला २०११ उजाडले आणि तेव्हाही त्यात स्पेन आणि नेदरलँड्स एवढेच होते.

गणकयंत्र | ६ डिसेंबर २०२५, सकाळी ११.२०

खुलाशाबद्दल आभार. सोयीच्या देशाची भीती मला अजूनही वाटते, पण इथल्या प्रकरणात ती गैरलागू आहे हे मान्य.

निळी छत्री | ६ डिसेंबर २०२५, दुपारी २.१०

मामा, मी ठाण्यात राहते, ट्रान्स महिला आहे आणि या सगळ्या कागदांतून गेले आहे, म्हणून कायद्यापेक्षा वाटेतल्या खाचखळग्यांबद्दल लिहिते.

तुमच्या भाचीने २०२१ मध्ये प्रमाणपत्र घेऊन ठेवले, हे फार चांगले झाले. तृतीयपंथीय व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याखालील २०२० च्या नियमांनुसार अर्जदार त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहणारा असावा लागतो. परदेशी राहणाऱ्या माणसाला ही अट सर्वांत जड जाते. मुंबईत तर आणखी गंमत आहे. लोकांना वाटते मुंबई एक, पण जिल्हे दोन. माहीम-शीवपर्यंत मुंबई शहर, त्याचे जिल्हाधिकारी फोर्टातल्या जुन्या जकात घरात. त्यापलीकडे मुंबई उपनगर, त्यांचे कार्यालय वांद्रे पूर्वेला. मी भाड्याच्या घरांपायी दादर, मग मुलुंड, मग ठाणे अशी फिरले, त्यामुळे कोणत्याच जिल्ह्यात माझे बारा महिने भरत नव्हते आणि माझे एक संपूर्ण वर्ष नुसते घरमालकांच्या करारांत गेले.

आता महत्त्वाचा मुद्दा. तिच्याकडे जे प्रमाणपत्र आहे ते कायद्याच्या कलम ६ खालचे, म्हणजे 'तृतीयपंथीय व्यक्ती' असे सांगणारे. त्यासाठी स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरते, वैद्यकीय तपासणी होत नाही. पण त्यावर पासपोर्ट बदलायला गेली तर पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी या तीन पर्यायांपैकी तिसराच हाती पडेल. स्त्री म्हणून नोंद हवी असेल तर कलम ७ खालचे सुधारित प्रमाणपत्र हवे. त्याला जिथे उपचार झाले त्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला जोडावा लागतो. शस्त्रक्रिया मुंबईत झाली आहे, त्यामुळे हा कागद इथेच मिळेल. परदेशात शस्त्रक्रिया झालेल्यांचे हाल मी पाहिले आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या एका भारतीय ट्रान्स महिलेला तर पासपोर्टवरील नाव आणि लिंग बदलून घेण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली होती.

तिसऱ्या पर्यायाबद्दल माझे मत विचाराल तर तो हक्क आहे, ज्याला हवा त्याने तो अभिमानाने घ्यावा. पण मी स्त्री आहे, मला स्त्री अशीच नोंद हवी होती. शिवाय आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पासपोर्टविषयक मानकात पुरुष, स्त्री आणि 'एक्स' (म्हणजे अनिर्दिष्ट) एवढ्याच खुणा आहेत. आपला तृतीयपंथीसाठीचा 'टी' तिथे कोणाच्याच ओळखीचा नाही. आखातातल्या एखाद्या विमानतळावर रात्री दोन वाजता काउंटरवरच्या माणसाला तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा नालसा निकाल समजावून सांगण्याची हौस मला नाही.

दादरचा मामा | ६ डिसेंबर २०२५, सायंकाळी ७.३०

निळी छत्री, तुमचे फार आभार. कलम ६ आणि ७ हा फरक आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हता. आमच्या समजुतीप्रमाणे प्रमाणपत्र म्हणजे प्रमाणपत्र. भाचीने तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि 'रात्री दोन वाजता' या वाक्यावर पहिल्यांदाच मोकळेपणाने हसली.

दोन शंका आहेत. रुग्णालयाचा दाखला आणि जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र यांवर अपोस्टील (परदेशात कागद चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) करून घेतले तर जर्मनीत ते सरळ चालतील काय? आणि लग्नाच्या नोंदणीत काही आडवे येईल काय?

टपालहंशील | ६ डिसेंबर २०२५, रात्री ८.४५

अपोस्टीलबद्दल मी सांगतो, कारण आमचा पंचवीस वर्षांचा धंदाच कागदपत्रे साक्षांकित करून देण्याचा आहे. अपोस्टील करून जर्मनीला पाठवू नका, पैसे फुकट जातील. भारत हेग अपोस्टील करारात २००५ मध्ये सामील झाला खरा, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवलेला आहे, त्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार लागूच होत नाही. आपल्या दाखल्यांसाठी जर्मन वकिलातीमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करून घेण्याची पद्धत आहे, म्हणजे त्यांचा माणूस मूळ कार्यालयात जाऊन नोंद खरी आहे का हे पाहतो. त्याला वेळ लागतो. आणि ती पडताळणी मागायची कोणी, तर कागद ज्या जर्मन कार्यालयाला हवा आहे त्याने. गिऱ्हाईक रोज अपोस्टीलचा शिक्का मारलेला जन्मदाखला घेऊन येतात आणि हे ऐकून पडेल चेहऱ्याने परत जातात.

म्हणून जन्मदाखला बदलायचाच असेल तर पडताळणीच्या आधी बदला. पडताळणीला गेलेला माणूस महापालिकेच्या नोंदवहीत जे लिहिलेले असेल तेच कळवणार.

वकीलताई | ६ डिसेंबर २०२५, रात्री १०.००

टपालहंशील यांच्या शेवटच्या वाक्यात सगळ्या क्रमाचे मर्म आहे.

कलम ७ चे प्रमाणपत्र मिळाले की कायद्याने तिला जन्मदाखल्यावरील आणि इतर सर्व अधिकृत कागदांवरील पहिले नाव बदलण्याचा हक्क मिळतो. कोणते कागद बदलायचे याची यादीच २०२० च्या नियमांना जोडलेली आहे. तीत जन्मदाखला, शैक्षणिक प्रमाणपत्रे, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन आणि भारतीय पासपोर्टही आहे. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत बदल करून द्यावा असे नियम म्हणतो. नियम काय म्हणतो एवढेच मी लिहिले आहे. एका कार्यालयात माझ्या पक्षकाराला पंधरा दिवसांनंतर अर्जाची पोच सापडत नाही असे उत्तर मिळाले होते, म्हणून पोचपावतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. राज्य शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची जाहिरात देऊन ठेवणेही शहाणपणाचे. कायद्याने ती लागतेच असे नाही, पण बँका आणि विद्यापीठे राजपत्र पाहिल्याशिवाय हलत नाहीत, आणि ते काम चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात हेलपाटे न घालता आता ऑनलाइन होते.

लग्नाबद्दल. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २२ एप्रिल २०१९ रोजी असे ठरवले की हिंदू विवाह कायद्यातील 'वधू' या शब्दात ट्रान्स महिलाही येते. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, त्यामुळे बऱ्याच जणांचा समज झाला की ट्रान्स व्यक्तींनाही लग्न करता येणार नाही. तसे नाही. त्याच निकालात घटनापीठाच्या पाचही न्यायमूर्तींनी हे मान्य केले आहे की स्त्री-पुरुष नात्यातील ट्रान्स व्यक्तीला प्रचलित कायद्यांखाली विवाहाचा हक्क आहे. तेव्हा हक्क आहे. पण निबंधकाच्या खिडकीवर पासपोर्टवर 'पुरुष' आणि अर्जात 'वधू' असे दिसले तर वाद तिथेच सुरू होईल. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची असेल तर दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात तीस दिवसांचे वास्तव्य आणि नोटिशीनंतर तीस दिवसांची मुदत, हे रजेच्या हिशेबात धरावे.

जर्मनीत निवास परवान्यावर पुढे जोडीदाराला बोलवायचे झाल्यास हा विवाह दाखला पुन्हा पडताळणीला जाईल. त्यावर वधूचे नाव तिच्या पासपोर्टशी जुळले नाही तर सगळे तिथेच अडेल.

टेम्सकाठ | ७ डिसेंबर २०२५, दुपारी १.०५

ब्रिटनचा अनुभव नोंदवते, कारण युरोपात एका देशात जमले म्हणजे सगळीकडे जमेल असे गृहीत धरले जाते. इथे २००४ चा लिंगमान्यता कायदा आहे. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २००२ मध्ये गुडविन खटल्यात ब्रिटनच्या विरोधात निकाल दिल्यावर तो आला. या कायद्यात परदेशात झालेला बदल मान्य करण्याची वेगळी वाट आहे, पण ती फक्त मान्य देशांच्या यादीतील लोकांना. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने यादी नव्याने ठरवली आणि अनेक देश-प्रांत वगळले. भारत त्या यादीत नाही. म्हणून माझ्या परिचयातील एका मराठी व्यक्तीला, भारतात सगळे कागद बदललेले असताना, इथल्या नेहमीच्या मार्गाने पुन्हा डॉक्टरांचे निदान आणि दोन वर्षांचे पुरावे गोळा करावे लागले.

आणि ते प्रमाणपत्र मिळूनही प्रश्न संपतात असे नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने समता कायद्यातील 'स्त्री' या शब्दाचा अर्थ जैविक लिंगावरून घ्यायचा, प्रमाणपत्रावरून नव्हे, असा निकाल दिला. म्हणजे एकाच देशातही एका कायद्याखाली एक ओळख आणि दुसऱ्या कायद्याखाली दुसरी. अमेरिकेचे तर विचारायलाच नको. एप्रिल २०२२ पासून मागेल त्याला 'एक्स' खुणेचा पासपोर्ट देणारे सरकार २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने जन्माच्या वेळच्या लिंगावर परत आले; खालच्या न्यायालयाने त्याला दिलेली स्थगिती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याच नोव्हेंबरच्या ६ तारखेला उठवली.

माइनतीर | ७ डिसेंबर २०२५, सायंकाळी ५.४०

वकीलताईंचा क्रम मला आता पटला आहे. काल रात्री माझ्याच घरातील फायलीत बायकोचे लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव जुळवताना दोन वर्षांपूर्वी काय घोळ झाला होता ते आठवले, आणि तिथे तर फक्त आडनावाचा प्रश्न होता.

एक गोष्ट मात्र मागे घेत नाही. रुग्णालयाच्या दाखल्याशिवाय स्त्री ही नोंद न देणे, हे नालसा निकालाशी विसंगत आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर आहे असे स्पष्ट म्हटले होते. भाचीची शस्त्रक्रिया झाली आहे म्हणून तिला वाट आहे. जिची झालेली नाही, किंवा जिला करायचीच नाही, तिच्यासाठी भारतीय पासपोर्टवर तिसरा रकाना आणि जर्मनीतल्या कागदावर 'स्त्री', ही विसंगती जन्मभर राहणार.

वकीलताई | ७ डिसेंबर २०२५, सायंकाळी ६.१५

याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. नियमांत 'वैद्यकीय उपचार' याची व्याख्या समुपदेशन आणि संप्रेरक उपचारांपर्यंत रुंद केली आहे, तिचा आधार घेऊन काही अर्ज मार्गी लागतात. पण कायद्याच्या कलम ७ मध्ये शब्द शस्त्रक्रिया हाच आहे, आणि खिडकीपलीकडचा कारकून कायदा वाचतो, व्याख्या वाचत नाही.

मामांसाठी आणखी एक. भाची पुढे जर्मन नागरिक झाली (पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर ते शक्य आहे) तर आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नसल्याने भारतीय पासपोर्ट जमा करावा लागेल, आणि मग तिची ओळख जर्मन पासपोर्टवर जाईल. तेव्हा 'आता कशाला धडपडायचे' असे कोणी म्हणेल. पण पार्ल्याचा जन्मदाखला त्यानंतरही आयुष्यभर मागितला जाईल. आणि आईच्या फ्लॅटचा वारसाहक्क आलाच. हिंदू वारसा कायद्यात आईच्या मिळकतीत मुलगा काय नि मुलगी काय, वाटा सारखाच, त्यामुळे हिश्श्याचा प्रश्न नाही. प्रश्न एवढाच की सोसायटीच्या नामनिर्देशनात लिहिलेला मुलगा आणि दारात उभी असलेली मुलगी ही एकच व्यक्ती आहे, हे सेक्रेटरींना कागदाने पटवावे लागेल. नामनिर्देशन आताच बदलून घ्या.

दादरचा मामा | २१ डिसेंबर २०२५, रात्री १०.२५

मंडळी, उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. घरात ठरले ते असे. रुग्णालयाकडे दाखल्यासाठी अर्ज गेला, वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचा कागद आठवड्याने मिळाला. कलम ७ चा अर्ज भाचीने म्युनिकमधूनच पोर्टलवर भरला आहे. जानेवारीत ती तीन आठवडे येणार आहे. तेव्हा महापालिकेचे काम सुरू करायचे, आणि पासपोर्ट तिकडच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून नव्याने घ्यायचा. जर्मन घोषणा त्यानंतर, आणि तीही लागली तरच. भारतीय पासपोर्टवर 'स्त्री' आले की तिकडे वेगळे काही करावे लागणार नाही, अशी तिला आशा आहे. सोसायटीचा नामनिर्देशनाचा अर्ज मी स्वतः सेक्रेटरींच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, मला चहा विचारला आणि पोच दिली. एवढेच.

शेवटी एक किरकोळ प्रसंग सांगतो. जन्मदाखल्यासाठीचे प्रतिज्ञापत्र मराठीत करायचे ठरले, म्हणून फोर्टला एका टंकलेखकाकडून मसुदा करून घेतला. भाचीचे नवे नाव, वय, पत्ता सगळे बिनचूक. मी समाधानाने फोटो काढून तिला पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन आला. 'मामा, पहिली ओळ वाच.' ओळ होती : 'मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की'. पुढच्या दीड पानात 'राहतो', 'जन्मलो', 'शिकलो' असे आणखी अकरा शब्द निघाले. इंग्रजीत मसुदा केला असता तर कोणाच्या लक्षातही आले नसते.

टंकलेखकाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, साहेब, नमुना तसाच आहे, बायकांच्या प्रतिज्ञापत्रातही आम्ही तेच ठेवतो, कोणी विचारत नाही. मी म्हटले, इथे विचारतील. त्याने काहीही न बोलता बाराच्या बारा शब्द बदलले आणि दोन पानांचे पैसे पुन्हा घेतले.

निळी छत्री | २१ डिसेंबर २०२५, रात्री ११.०२

सहीच्या वर 'प्रतिज्ञापत्र करणारा' असे छापलेले असते, तेही तपासा. माझे तिथेच राहून गेले होते.

दादरचा मामा | २१ डिसेंबर २०२५, रात्री ११.१०

पाहिले. 'करणारा'च आहे. उद्या पुन्हा फोर्ट.